खानेसुमारीच्या रात्री आजोबा कुठे होते?

२६ फेब्रुवारी १९३१ च्या रात्री माझे आजोबा लालबागमधल्या एका खोलीत झोपले होते आणि आजी गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावी. याचा लेखी पुरावा माझ्याकडे नाही. पण आजोबा वर्षातून एकदा, मे महिन्यात गावी जात आणि पेरणी आटोपून परत येत, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होते. तेव्हा फेब्रुवारीत ते गिरणीत साच्यावर उभे असणार, हे मी धरून चालतो.

ती रात्र खानेसुमारीची होती. १९३१ पर्यंत आपल्याकडची गणती एका रात्रीची असे. माणूस त्या रात्री जिथे सापडेल, तिथला तो रहिवासी. त्यामुळे आजोबा मुंबईच्या ११,६१,३८३ माणसांत मोजले गेले आणि आजी रत्नागिरी जिल्ह्यात. संसार एक, चूल एक म्हणावी तर तीही गावची. पण सरकारी वह्या दोन. मुंबईच्या वाढीचा इतिहास आपण वाचतो तो पहिल्या वहीतून. गेली बारा-तेरा वर्षे मी या दोन वह्या शेजारी ठेवून वाचतो आहे. त्यातून जे हाती लागले, ते या लेखात मांडतो.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. हिशेबनिसाच्या नोकरीत उमेदीची वर्षे गेली, त्यामुळे आकड्यांची भीती गेली एवढेच. या विषयाकडे वळलो तो २०११ च्या जनगणनेतल्या एका गोष्टीमुळे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्रातल्या ३५ जिल्ह्यांपैकी फक्त तीन जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. ते तीन जिल्हे म्हणजे मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. एक देशातला अत्यंत दाट वस्तीचा जिल्हा, उरलेले दोन विरळ वाड्यांचे. या तिघांचे नाव एका यादीत यावे, याचे मला आधी नवल वाटले आणि मग जाणवले की, आपले सगळे घराणे या तीन शब्दांतच राहत आले आहे.

तीन ओहोट्या

मुंबई सतत वाढतच गेली, असा आपला समज असतो. तो खरा नाही. १८६४ च्या फेब्रुवारीत शहराची गणती झाली तेव्हा ८,१६,५६२ माणसे भरली. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिथला कापूस इंग्लंडला मिळत नव्हता, म्हणून इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघत होत्या आणि त्यांच्या शेअरांवर लोक वेडे झाले होते. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या. १८७२ च्या खानेसुमारीत मुंबईत ६,४४,४०५ माणसे उरली होती. आठ वर्षांत पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे कमी झाली.

दुसरी ओहोटी प्लेगची. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्यानंतरच्या काही महिन्यांत जवळजवळ निम्मे शहर बाहेर पडले. १८९१ मध्ये ८,२१,७६४ असलेली वस्ती १९०१ मध्ये ७,७६,००६ झाली. ही गणतीही साथ जोरात असताना झाली होती. आकडा भरवशाचा वाटेना, म्हणून १९०६ मध्ये खास मुंबईपुरती वेगळी गणती घेण्यात आली. तिच्यात ९,७७,८२२ माणसे भरली. पाच वर्षांत दोन लाखांची भर! ही दोन लाख माणसे एकाएकी जन्माला आली नव्हती. गेलेली माणसे परतली होती आणि येताना आणखी काहींना घेऊन आली होती.

तिसरी ओहोटी लहान. १९२१ मध्ये ११,७५,९१४ असलेली लोकसंख्या १९३१ मध्ये थोडी खाली आली. जगभर मंदी होती, गिरण्यांत संप आणि कपात चालू होती. दहा वर्षांनी, १९४१ मध्ये, ती १५ लाखांच्या आसपास गेली.

या तिन्ही वेळा एकच घडले. शहरात संकट आले की माणसे गावी गेली आणि संकट टळले की परत आली. भरतीला आत, ओहोटीला बाहेर. हे शक्य होते, कारण मागे गाव उभे होते. तिथे भाताचे चार तुकडे होते, छप्पर होते आणि ते सांभाळणारी बाई होती. मुंबईची वाढ गिरण्यांनी, गोदीने, रेल्वेने केली हे आपण शाळेपासून वाचतो. त्या वाढीला तोल देणारे वजन मात्र कोकणातल्या घरात होते.

मुंबई कुणाची, याचे जुने उत्तर

खानेसुमारीत जन्मस्थान विचारले जाई. १८७२ मध्ये मुंबईतल्या शंभर माणसांपैकी सुमारे एकतीस मुंबईत जन्मलेली होती. हे प्रमाण दर खेपेला घटत गेले आणि १९२१ मध्ये शंभरात सोळांवर आले. म्हणजे ज्या मुंबईला आपण आज 'आपली जुनी मुंबई' म्हणून आठवतो, तिच्यातली शंभरातली चौऱ्याऐंशी माणसे बाहेरून आलेली होती. त्यांत घाटावरचे होते, कच्छ-काठेवाड-सुरतेचे होते, गोव्याचे होते, उत्तर हिंदुस्थानातले होते. पण सर्वांत मोठा गट रत्नागिरीकरांचा. सिंधुदुर्ग तेव्हा वेगळा नव्हता. बाणकोटपासून रेड्यापर्यंत सगळा एकच रत्नागिरी जिल्हा. १९११ आणि १९२१ च्या दोन्ही खानेसुमाऱ्यांत मुंबईतल्या साधारण दर पाच माणसांमागे एक या जिल्ह्यात जन्मलेला होता.

मुंबईवर हक्क कुणाचा, या वादात दोन्ही बाजूंचे लोक इतिहासाचा हवाला देतात. मला एवढेच म्हणायचे आहे की, कोळी, भंडारी, आगरी, पाठारे प्रभू, ईस्ट इंडियन अशी मोजकी जुनी घराणी सोडली, तर माझ्यासह बहुतेकांचे आजे-पणजे कुठल्या तरी धक्क्यावर किंवा स्टेशनावर वळकटी घेऊन उतरलेले आहेत. माझे आजोबा दाभोळच्या बंदरात पडावात बसले, पडावातून आगबोटीवर चढले आणि मुंबईला उतरले. त्यांना उतरवून घ्यायला गावचाच माणूस आला होता. त्यानेच त्यांना जॉबरसमोर उभे केले.

दुसरा आकडा बायकांचा. १९२१ मध्ये मुंबईत दर हजार पुरुषांमागे सुमारे सव्वापाचशे बायका होत्या. शहरात जवळपास दोन पुरुषांमागे एक बाई. त्याच वेळी रत्नागिरी जिल्ह्यात पुरुषांपेक्षा बायका जास्त होत्या. हे दोन आकडे वेगवेगळ्या पानांवर छापलेले असतात, म्हणून वेगवेगळे वाटतात. खरे तर ते एकाच विभागणीचे दोन भाग आहेत. मुंबईत जी बाई नव्हती, ती कोकणात भात लावत होती.

खोली गावाची, गाव खोलीचे

आजोबा ज्या खोलीत राहत, ती कुणा एकाची नव्हती. गावच्या मंडळाची होती. दहा बाय बारा फुटांत पंधरा-वीस जणांच्या ट्रंका भिंतीशी लावलेल्या. रात्रपाळीचे दिवसा झोपत, दिवसपाळीचे रात्री. उन्हाळ्यात बाहेरच्या पडवीत आणि फुटपाथवर पथाऱ्या. जेवण खानावळीत. खानावळ चालवणारी बहुधा विधवा किंवा नवऱ्याचे काम सुटलेली बाई. महिन्याच्या पगारातून आधी खानावळीचे पैसे, मग मंडळाची वर्गणी, मग गावची मनिऑर्डर.

या राहणीकडे त्या काळच्या इंग्रज पाहणीकारांनी दयेने पाहिले. बर्नेट-हर्स्ट यांचे मुंबईतल्या कामगारांच्या घरांविषयीचे पुस्तक १९२५ साली आले. ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. त्याच सुमारास सरकारने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे विकास खात्याच्या म्हणजे आपल्या बीडीडी चाळी बांधल्या. एकूण २०७ इमारती. पण गिरणीमालक आणि सरकार यांची तक्रार अशी असे की, हा कामगार शहराचा होत नाही, त्याचा जीव गावात असतो, तो सुगीला आणि सणाला पळतो.

ही तक्रार अर्धीच खरी होती. गिरणी माणसाला घर चालेल एवढा पगार देत नव्हती. बदली कामगाराला रोज काम मिळेलच असे नव्हते. आजारपण, म्हातारपण, बाळंतपण यांचा खर्च गिरणी उचलत नव्हती. तो गाव उचलत होते. आणि संप झाला, तर महिना-दोन महिने टिकून राहायला पुन्हा गावच. म्हणजे कोकणातली शेती मुंबईच्या कापडाला छुपे अनुदान देत होती. मी हिशेबनीस असल्याने मला हे असेच दिसते. ताळेबंदात एक बाजू लिहिलेली होती, दुसरी लिहिलीच नव्हती. त्या न लिहिलेल्या बाजूचे नाव माझ्या घरापुरते तरी 'आजी' असे होते.

आजी मुंबईला आयुष्यात दोनदा आली. दोन्ही वेळा दवाखान्यासाठी. "तुमच्या मुंबयत पाय पसरूक जागा नाय," एवढाच तिचा शहराविषयीचा अभिप्राय घरात शिल्लक आहे.

खोलीत संसार आला

स्वातंत्र्याच्या सुमारास हे चित्र बदलू लागले. फाळणीनंतर निर्वासितांचा लोंढा आला. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांच्या जागी १९४९ मध्ये उल्हासनगर वसले. आजच्या बृहन्मुंबईच्या हद्दीत धरले तर १९४१ मध्ये सुमारे १८ लाख माणसे होती, ती १९५१ मध्ये जवळपास ३० लाख झाली. महापालिकेची हद्द १९५० मध्ये उपनगरांत सरकली आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत गेली.

याच काळात चाकरमानी बायको-मुलांना मुंबईत आणू लागला. नोकऱ्या कायम झाल्या, भविष्यनिर्वाह निधी आला, कामगार विमा आला. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने खोलीचे भाडे जणू गोठवले. माझ्या बाबांनी मंडळाच्या खोलीतून बाहेर पडून पागडीची खोली घेतली आणि आईला आणले. पाठोपाठ दोन काका आले. १९८१ च्या जनगणनेत त्या खोलीत आम्ही नऊ जण मोजले गेलो. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. त्याच जनगणनेत मुंबई बेटाने, म्हणजे कुलाबा ते माहीम-शीव या जुन्या शहराने, ३२ लाख ८५ हजारांचा आकडा गाठला. त्याच वर्षी १ मे रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला.

चौथी ओहोटी

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो मागे घेतल्याची रीतसर घोषणा कधी झालीच नाही. सुरुवातीला सगळे जुन्या वळणाने घडले. बाबा म्हणाले, "दोन महिने गावी राहून येऊ." चाळीतली निम्मी कुटुंबे तशीच गेली. गावाने ठेवूनही घेतले. पण गाव आता पूर्वीचे नव्हते. आजी थकली होती. शेत भावांत वाटले गेले होते. आणि जाणारा माणूस एकटा नव्हता. त्याच्याबरोबर शहरात शाळेत जाणारी मुले होती. दोन महिन्यांचे वर्ष झाले. आम्ही परत आलो तेव्हा बाबांची जागा गेली होती.

१९९१ मध्ये बेटाची लोकसंख्या ३१ लाख ७५ हजारांवर उतरली. २००१ मध्ये ती थोडी वर, ३३ लाख ३८ हजारांवर गेली आणि २०११ मध्ये ३० लाख ८५ हजारांवर आली. तीस वर्षांत साऱ्या मुंबईची वस्ती ८२ लाखांवरून १ कोटी २४ लाखांवर गेली असताना तिच्या गाभ्यातली माणसे दोन लाखांनी घटली. मधल्या काळात गिरण्यांच्या जमिनींविषयीचे नियम बदलले, त्यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००६ मध्ये निकाल लागला. चिमण्या पडल्या, तिथे मॉल, कार्यालये आणि मनोरे आले. मनोऱ्यांत मजले पुष्कळ, माणसे थोडी.

या घटीला आपण 'मराठी माणूस हद्दपार झाला' असे म्हणतो. आमच्या घराचा अनुभव इतका सरळ नाही. आम्हाला कुणी हाकलले नाही. १९९८ मध्ये तीन भावांनी बसून ठरवले की, खोली द्यायची. मालकाचा हिस्सा देऊन जे उरले, त्यात एका काकाचे नालासोपाऱ्यात घर झाले, दुसऱ्याचे डोंबिवलीत आणि आमचे पुन्हा नालासोपाऱ्यातच. एका खोलीतून तीन घरे निघाली. आईला पहिल्यांदा स्वतंत्र स्वयंपाकघर मिळाले. पण गिरणी चालू असती, तर आम्ही त्या वर्षी खोली विकली असती का, हे आईने बाबांना विचारले होते. बाबांनी उत्तर दिले नाही. निर्णय आमचा होता. ज्या परिस्थितीत तो घ्यावा लागला, ती आमची नव्हती.

पहिल्या तीन ओहोट्यांत आणि या चौथीत फरक आहे तो इथे. त्या वेळी माणसे शहरातून गावी गेली आणि परतली. या वेळी ती गावी गेली नाहीत. ती रुळांच्या कडेने उत्तरेला आणि पूर्वेला सरकली आणि परतली नाहीत. २००१ मध्ये ठाणे जिल्ह्यात ८१ लाख ३२ हजार माणसे होती. २०११ मध्ये १ कोटी १० लाख ६० हजार. तो तेव्हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला. दहा वर्षांत जी २९ लाखांची भर पडली, ती जवळजवळ आख्ख्या मुंबई बेटाएवढी होती. चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावे मिळून २००९ मध्ये झालेली वसई-विरार महापालिका पहिल्याच जनगणनेत १२ लाखांपुढे गेली.

दुसऱ्या वहीत काय दिसते

आता रत्नागिरीची वही उघडू. २००१ मध्ये १६,९६,७७७. २०११ मध्ये १६,१५,०६९. सिंधुदुर्ग ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१. कोकणातून माणसे जातात ही बातमी नाही. दीडशे वर्षे जातच आहेत. तरी जिल्हा वाढत होता, कारण जाणारा पुरुष एकटा जात होता आणि घर मागे राहत होते. १९९१ मध्ये रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे सुमारे बाराशे बायका होत्या. २०११ मध्ये तो आकडा ११२२ झाला. बायकांचे जादा प्रमाण उतरते आहे. पुरुष परतले म्हणून ते उतरले असते, तर लोकसंख्या वाढायला हवी होती. ती तर घटली आहे. याचा मला लागलेला अर्थ असा की, आता बाईही गेली. मागे राहणारे कुणी उरले नाही.

दोन आकडे एकाच दशकात घटले म्हणून एक दुसऱ्यामुळे घटला, असे सिद्ध होत नाही, हे मी जाणतो. कोकणात जन्मदरही खाली आला आहे. तिथली मुले पुण्यालाही जातात. बेटावर घरांच्या जागी कार्यालये आली, हे निराळेच कारण. तरीही मला या दोन घटींत एकच गोष्ट दिसते. लालबागची खोली आणि गुहागरचे घर ही एकाच दोरीची दोन टोके होती. खोलीत एकटा पुरुष राहू शके, कारण घरात बाई होती; घर उभे राही, कारण खोलीतून मनिऑर्डर येई. दोरीला पीळ होता तो या विभागणीचा. ती विभागणी अन्यायाची होती. तिने आजीचे आयुष्य आजोबांच्या वाटेकडे डोळे लावण्यात घालवले. ती मोडली, याचे मला दुःख नाही. पण ती मोडल्यावर दोन्ही टोकांना कुणीच उरले नाही आणि सगळे तिसऱ्याच ठिकाणी, एक बेडरूम-हॉलमध्ये येऊन बसले. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, ती आम्हाला गावाजवळ नेईल असे वाटले होते. तिने आमचे गाव गणपतीच्या आठवड्यापुरते जवळ आणले.

२०११ च्या जनगणनेला प्रगणक बाई आमच्या नालासोपाऱ्याच्या घरी आल्या. जन्मस्थान विचारले, मी मुंबई म्हणालो. याआधीचे वास्तव्य, मुंबई. स्थलांतराचे कारण? नोकरी, व्यवसाय, शिक्षण, लग्न, जन्मानंतर, कुटुंबाबरोबर आणि इतर असे पर्याय होते. नोकरी तर मी अजून मुंबईतच करत होतो. लग्न आधीच झाले होते. मी विचार करत राहिलो तसे बाई म्हणाल्या, "काका, 'इतर' लिहू का?" मी हो म्हटले.

पुढे आकडे वाचायला बसलो, तेव्हा ते 'इतर' मला छळू लागले. गिरणी बंद पडणे, खोली नऊ जणांना अपुरी पडणे, जमिनीला आलेला भाव, तीन भावांची वाटणी, आईचे स्वयंपाकघर, हे सगळे त्या एका शब्दात गेले होते. आजोबांची दुसरी वही निदान वेगळी छापलेली तरी होती.

२०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. तिची वाट पाहण्यात या दशकाचा अर्धा भाग गेला. ती जेव्हा होईल, तेव्हा गावच्या घराला कुलूप असेल आणि त्यावर 'घर बंद' अशी नोंद होईल. किल्ली माझ्याकडे, नालासोपाऱ्याच्या कपाटात आहे. या गणपतीत कुलूप उघडले तेव्हा आत आजोबांची ट्रंक तशीच होती. झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचे नाव आहे आणि त्याखाली पत्ता. पत्त्यात पहिली ओळ गावाची आहे आणि दुसरी लालबागची.